‘लाल रंग द्या’ म्हटल्यावर दुकानदार ‘कशाला?’ असं का विचारतो

मशीद बंदरच्या वडगादीत रसायनांच्या आणि रंगांच्या घाऊक दुकानांची दाटी आहे. तिथे जाऊन ‘शंभर ग्रॅम लाल रंग द्या’ म्हटलं तर दुकानदार लगेच पुडी बांधायला घेत नाही. आधी विचारतो, ‘कशाला लावायचाय?’ सुती कापड, रेशीम, पॉलिस्टर, मेणबत्ती, साबण, सिमेंटची लादी, मिठाई, या प्रत्येकाचा लाल वेगळा असतो. सिमेंटचा लाल कापडाला चिकटत नाही. कापडाचा लाल मेणात विरघळत नाही. आणि यांतला कुठलाही मिठाईत गेला तर तो गुन्हा आहे.

आपली अडचण शब्दापासून सुरू होते. मराठीत ‘रंग’ म्हणजे डोळ्यांना दिसतो तोही आणि डब्यात भरून मिळतो तोही. शास्त्रीय मराठीत मात्र चार वेगळे शब्द आहेत आणि ते रोजच्या वापरात यायला हवेत. पाण्यात विरघळून धाग्याच्या आत शिरतं ते रंजक. विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात पृष्ठभागावर बसतं ते रंगद्रव्य. रंजक आणि धागा यांची गाठ बांधतो तो रंगबंधक. आणि रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा डिंक, तेल किंवा राळ आणि पातळ करणारा द्रव मिळून भिंतीवर लागतो तो रंगलेप, म्हणजे आपला रोजचा पेंट. ‘रंजक’ म्हटलं की आपल्याला मनोरंजन आठवतं, पण मूळ एकच आहे. ‘रंज्’ या संस्कृत धातूचा अर्थ रंगणे आणि आनंदणे असा दुहेरी आहे. रंग, राग, रक्त, रंजन, अनुरक्त हे सगळे त्याच घरातले.

रंजक की रंगद्रव्य, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घ्या, चिमूटभर पूड टाका, ढवळा आणि अर्धा तास हात लावू नका. पाणी पारदर्शक राहून रंगीत झालं तर रंजक. पाणी गढूळ दिसलं आणि तळाशी गाळ बसला तर रंगद्रव्य. गेरू टाकून बघा, गाळ बसतो. बाजारातला पातळ खाण्याचा रंग टाका, एका थेंबात पूर्ण ग्लास रंगतो आणि कितीही वेळ ठेवला तरी तळ स्वच्छ राहतो. हळद मधलीच निघते. तिच्यातलं रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलात मात्र झटकन विरघळतं. म्हणून फोडणीचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही.

गणपतीच्या मूर्तीवर लावतात तो रंग रंगद्रव्य आणि डिंक यांचा असेल, तर विसर्जनात पाण्यात विरघळतो तो डिंक. रंगाचे कण सुटे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. ‘रंग पाण्यात विरघळला’ असं आपण म्हणतो, पण तो तिथेच तळाला असतो. म्हणूनच मूर्तीच्या रंगद्रव्यात शिसं किंवा पारा आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जुन्या मराठी घरांत रंगद्रव्यांची नावं पाठ असत. गेरू आणि कोकणातली काव म्हणजे लोहाची ऑक्साइडं. ती उन्हात उडत नाहीत आणि चुन्याशी भांडत नाहीत, म्हणून कावी पद्धतीची भित्तिचित्रं देवळांवर टिकून राहिली. काजळी म्हणजे कार्बन. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. या शेवटच्या तिघांचा रंग देखणा, पण तिन्ही विषारी. पोथी लिहिताना चूक झाली की त्या ओळीवर पिवळी हरताळ फासून ती झाकत. ‘नियमांना हरताळ फासला’ हा वाक्प्रचार तिथून आला. कुंकू मात्र या पंक्तीतलं नाही. ते हळदीवर चुना, टाकणखार यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांची प्रक्रिया करून बनतं, कारण अल्क मिळालं की कर्क्युमिन लाल होतं. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो आणि साबण लावताच तो लालभडक होतो, तीही हीच क्रिया. घाबरू नका. साबण खळखळून काढला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि ओला सदरा कडक उन्हात ठेवला की काही तासांत फिका पडतो. प्रकाशाने कर्क्युमिन मोडतं.

‘नीळ’ हा तर गोंधळाचा राजा. या एका शब्दात तीन पदार्थ राहतात. कपडे पांढरेशुभ्र करायची जुनी पूड नीळ हे अल्ट्रामरीन नावाचं रंगद्रव्य. ती विरघळत नाही, म्हणून थेट बादलीत टाकली तर कपड्यावर निळे ठिपके पडतात. फडक्यात बांधून हलवायची पद्धत त्यासाठीच होती. बाटलीतली द्रव नीळ हे विरघळणारं जांभळट रंजक. आणि तिसरी खरी नीळ, झाडाच्या पानांतून मिळणारी, जी आज जीन्ससाठी कारखान्यात बनते.

ही तिसरी नीळ थोडी समजून घ्यावी अशी आहे. ती रंगद्रव्यासारखी पाण्यात अजिबात विरघळत नाही, तरीही कापड रंगवते. युक्ती अशी की अल्कधर्मी पाण्यात तिच्यावर ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घालतात. कारखान्यात त्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात, रंगारी त्याला नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात. मग नीळ पिवळट हिरवी होते आणि विरघळते. त्या पाण्यात कापड एक ते पाच मिनिटं बुडवायचं, बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं हवेत धरायचं. हिरवं कापड डोळ्यांसमोर निळं होत जातं, कारण हवेतला ऑक्सिजन परत मिळाला की नीळ पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्यात अडकून पडते. गडद रंग हवा असेल तर जास्त वेळ बुडवून उपयोग नाही, जास्त वेळा बुडवावं लागतं. तरीही ती धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवरच्या थरात राहते. जीन्स घासल्या जागी पांढरी पडते ती त्यामुळे. आणि पावसात भिजलेली नवी जीन्स सदऱ्याचं टोक निळं करते, तेही त्यामुळेच.

केसांचा कलप थोडा याच वाटेने जातो. लहान, बिनरंगी रेणू केसात शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत मोठे, रंगीत होऊन अडकतात. साधी मेंदी नारिंगी-लाल रंगते. ‘काळी मेंदी’ म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांत बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन हे कलपाचंच रसायन असतं. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. कानामागे थोडी लावून ४८ तास थांबल्याशिवाय ती वापरू नये, आणि मुलांच्या हातावर तर काढूच नये.

आता रंगबंधक. बहुतेक वनस्पतिजन्य रंजकांना सुती धाग्याचं स्वतःहून आकर्षण नसतं. मधे दुवा लागतो आणि तो दुवा म्हणजे धातूचा क्षार. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्या हाताने रंजक. पण सुताला तुरटीही नीट चिकटत नाही, म्हणून आधी हिरडा. शंभर ग्रॅम सुती कापडाला १५ ते २० ग्रॅम हिरड्याची पूड दोन लिटर पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवायचं, पिळायचं आणि न धुता वाळवायचं. मग १५ ते २० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. वाळवून हलकं विसळलं की कापड मंजिष्ठेला, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीला, तयार. मंजिष्ठेची पूड ५० ते १०० ग्रॅम, पाणी हळूहळू तापवत तास-दीड तास. इथे हमखास चूक होते ती उकळी आणण्याची. ८० अंशांच्या वर मंजिष्ठेतली तपकिरी द्रव्यंही बाहेर येतात आणि लाल विटकरी होतो. दुसरी चूक लोखंडी कढईची. हिरड्यातल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडली की काळा-करडा रंग होतो. तो मुद्दाम हवा असेल तर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घाला, नको असेल तर स्टीलचं पातेलं घ्या. मुंबईत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. मंजिष्ठेचा लाल खुलायला पाण्यात थोडं कॅल्शियम लागतं आणि तलावांचं पाणी मऊ असतं. चमचाभर कॅल्शियम कार्बोनेट घातलं तर फरक डोळ्याला दिसतो.

विरघळलेल्या रंजकात तुरटी आणि थोडा धुण्याचा सोडा घातला तर कापड नसतानाही ॲल्युमिनियम रंजकाला घेऊन खाली बसतं. रंजकाचं रंगद्रव्य होतं. अशा रंगांना इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या लाखेवरून, म्हणजे संस्कृत लाक्षेवरून तिकडे गेला. गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकचकीत थरात हेच लेक असतात, कारण विरघळणारा रंग हाताला लागला असता. शब्दांच्या अशा वाटा या विषयात भरपूर आहेत. किरमिजी रंगाचं नाव ज्या किड्यांपासून तो काढत त्यांच्यावरून आलं, आणि ‘कृमी’ त्याच कुळातला. कृत्रिम रंजकांची जननी असलेल्या ॲनिलीनचं नावही निळीवरूनच पडलं, कारण ते प्रथम निळीपासून मिळालं होतं.

त्या ॲनिलीनमधूनच १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती जांभळा रंग लागला. तो मलेरियावरचं कोयनेल बनवायला बसला होता. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतलं लाल रंग देणारं अलिझरीन प्रयोगशाळेत बनलं, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ जर्मनीहून बाजारात आली आणि भारतातली निळीची शेती काही वर्षांत कोसळली. मुंबईने हा बदल जवळून पाहिला. नवरोजी वाडियांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग सुरू केली ती सूत रंगवण्यापासून. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तोही कापड-रसायनशास्त्र हा विषय धरून. माटुंग्याची आजची आयसीटी ती हीच. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंजकांच्या रसायनशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला गेला.

पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, रिॲक्टिव्ह रंजकं बाजारात आली. घरी सुती कापड रंगवायचं तर माझं मत स्पष्ट आहे: हीच घ्या. बाकीची रंजकं धाग्याला चिकटून राहतात, ही धाग्याशी रासायनिक बंधच जोडतात. दुकानात ‘रिॲक्टिव्ह, कोल्ड ब्रँड, एम’ असं मागा. ‘हॉट ब्रँड’ला ६० ते ८० अंश तापमान तासभर टिकवावं लागतं, ते घरच्या शेगडीवर जमत नाही.

एक साधा सुती कुर्ता साधारण २५० ग्रॅम भरतो. त्याला लागतं पाणी ५ लिटर, रंजक मध्यम छटेला ५ ग्रॅम, गडद छटेला १० ग्रॅम, काळ्याला १५ ते २० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम आणि सोडा ॲश १०० ग्रॅम. सोडा ॲश म्हणजे धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याचं अल्क पुरेसं तीव्र नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हवाच, चमच्याच्या मापाने एकदा जमलेली छटा दुसऱ्यांदा येत नाही. भांडं स्टीलचं किंवा प्लॅस्टिकची बादली. ॲल्युमिनियम नको, सोडा ते खातो. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. पूड उघडताना नाकावर मास्क आणि हातात रबरी मोजे, पंखा बंद. ही पूड श्वासात गेली तर काहींना कायमची ॲलर्जी जडते.

सुरुवात कापड धुण्यापासून होते आणि निम्म्याहून जास्त बिघाड इथेच असतो. नव्या कापडाला खळ असते, मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडात तर मेणही असतं. थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून अर्धा तास उकळा आणि खळखळून धुवा. कापडावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच शोषला गेला पाहिजे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

पूड आधी थोड्या कोमट पाण्यात पेस्टसारखी कालवा, मग गाळून पाच लिटरमध्ये मिसळा. ओला कुर्ता उलगडून सोडा आणि दहा मिनिटं हलवत राहा. मग मीठ तीन भागांत, दर दहा मिनिटांनी एक. सुताला पाण्यात किंचित ऋण विद्युतभार येतो, रंजकाचाही भार ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ तो दुरावा कमी करतं आणि रंजक पाणी सोडून धाग्याकडे सरकतं. मीठ आणि सोडा घालताना कापड एका बाजूला उचलून धरा, त्याच्यावर ओतू नका. शेवटी सोडा वेगळ्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घाला. बंध जुळतो तो यानंतर. पाणी तिशीच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या नळाला बहुतेक महिने येतं तितकंच कोमट, आणि वेळ एक तास. पहिली वीस मिनिटं सतत हलवा, नंतर पाच-पाच मिनिटांनी.

सोडा पहिल्यापासूनच टाकला तर? रंजक धाग्याची वाट बघत नाही. अल्क मिळालं की ते पाण्याशीही तसाच बंध जोडतं, आणि एकदा पाण्याशी जोडलं गेलं की कापडाच्या कामाचं उरत नाही. शिवाय जिथे आधी लागेल तिथे घट्ट बसतं, म्हणून चट्टे पडतात. सगळं नीट केलं तरी साधारण ६० ते ८० टक्केच रंजक धाग्याशी जोडलं जातं. उरलेलं नुसतं आत अडकून बसलेलं असतं आणि पुढे धुलाईत रंग सोडतं. म्हणून शेवटची धुलाई टाळायची नाही. आधी थंड पाण्याने चार-पाचदा विसळा, मग लिटरला दोन ग्रॅम कपडे धुण्याच्या साध्या पावडरीत उकळत्या पाण्याजवळ पंधरा मिनिटं, आणि हे दोनदा. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत. ‘रिॲक्टिव्ह असूनही रंग गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा या धुलाईच्या कंटाळ्यातून येते.

पाणी टँकरचं किंवा बोअरवेलचं असेल तर जड असतं. रंजक गाळासारखं खाली बसतं, छटा मळकट दिसते. लिटरला एक ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आधी घाला, किंवा त्या दिवशी पालिकेच्या नळाचं पाणी भरून ठेवा.

एवढं करूनही कुर्ता बाहेर आला की शिलाई पांढरी चमकते. शिवणाचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो आणि रिॲक्टिव्ह त्याला शिवत नाही. पॉलिस्टरला डिस्पर्स रंजकं लागतात. ती पाण्यात विरघळण्याऐवजी अतिसूक्ष्म कणांत विखुरलेली असतात (ग्लासातली आपली परीक्षा इथे फसते) आणि सुमारे १३० अंशांला, दाबाच्या बंद यंत्रात धाग्यात शिरतात. घरी तो नाद नको. टेरिकॉटचा सदरा घरी रंगवला तर फक्त सुती वाटा रंग घेतो आणि छटा अर्धवट फिकी येते. रेशीम आणि लोकर यांना ॲसिड रंजकं, व्हिनेगर घालून हळूहळू तापवून. रेशमाला पूर्ण उकळी देऊ नये, चमक जाते.

किराणा दुकानात मिळणारी स्वस्त पाकिटं बहुधा डायरेक्ट रंजकांची असतात. गरम पाणी, मीठ, झालं. काम सोपं, पण रासायनिक बंध नाही, म्हणून रंग कच्चा. यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवणे. मिठाने रंग पक्का होत नाही. त्या बादलीत मीठ असेपर्यंत रंजक कमी सुटतं, पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा सुटायला लागतं. व्हिनेगरचा सुती कापडावर उपयोग नाही. तुरटी थोडीफार आधार देते, पण ती मूळची वनस्पतिजन्य रंगांची सोबतीण. खरोखर उपयोगी पडतं ते ‘डाय फिक्सर’ नावाने मिळणारं धनभारित द्रावण, पाकिटावरच्या मापाने अर्धा तास. त्यानेही रंग उन्हात उडायचा थांबत नाही.

खाण्याच्या रंगाचा नियम वेगळाच आणि कडक आहे. भारतात आठच कृत्रिम रंग अन्नाला चालतात, टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन हे त्यांतले. ज्या पदार्थांत परवानगी आहे तिथेही सर्वसाधारण मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी ही कापड-कागदाची रंजकं अन्नात पूर्ण बंद आहेत. वडगादीतून सुटी आणलेली पूड कितीही शुद्ध दिसली तरी जिलबीत जाता कामा नये. पाकिटावर अन्नासाठीचा परवाना क्रमांक नसेल तर तिथेच थांबायचं.

रंग पक्का आहे का, हे विकत घेण्याआधी तपासता येतं. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, कपड्याच्या आतल्या शिवणीवर दाबून वीसदा घासा. रुमालावर किंचित छटा आली तर पहिल्या दोन धुण्यांत कपडा वेगळा धुवा, ठळक पट्टा उमटला तर तो कायमचा वेगळाच धुवावा लागेल. प्रयोगशाळेत हीच परीक्षा यंत्राने घासून करतात आणि एक ते पाच गुण देतात. उन्हात टिकण्याचे गुण एक ते आठ, आणि त्यात हळद अगदी तळाला येते.

उरलेली रिॲक्टिव्ह पूड जूनच्या आत घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा, सिलिका जेलची पुडी टाका आणि वर तारीख लिहा. पावसाळ्यातली दमट हवा पुडीत शिरली की रंजक तिथेच पाण्याशी जोडलं जातं. पूड दिसायला तशीच राहते, पण गणपतीनंतर कुर्ता रंगवायला घेतला की सगळा रंग धुलाईच्या पाण्यात निघून जातो. जुनी पूड वापरण्याआधी चार बोटं रुंद चिंधीवर पूर्ण कृती करून, उकळून धुऊन बघा.